हिरव्या ठिपक्याचा हंगाम

माझ्या टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये शेठजींचं चेकबुक असतं. चेक कोरे, पण प्रत्येकावर सही केलेली. ते बाहेरगावी गेले आणि इकडे कापसाच्या गाड्या लागल्या तर शेतकऱ्याचं अडू नये, म्हणून ही सोय. त्या ड्रॉवरची किल्ली माझ्याकडे, गोदामाची किल्ली माझ्याकडे आणि शेठजींच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्याही माझ्याचकडे, कारण घरी ठेवल्या की ते विसरतात. माझी मुलं शाळेत जायला लागली आणि मी दिग्रसच्या या जिनिंगच्या ऑफिसात लागले, तेव्हापासून हे असंच चालत आलं आहे. तर अशा माझ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये एक दिवस सॉफ्टवेअर बसवण्यात आलं. कशासाठी, तर मी माऊस हलवते की नाही, हे पाहण्यासाठी.

मला राग आला. आधी तेच सांगून टाकते, म्हणजे पुढे जे सांगणार आहे त्यातला तिखटपणा कुठून आला ते कळेल. माझ्या सासूबाई नजर ठेवण्याच्या बाबतीत आमच्या आळीत प्रसिद्ध होत्या, पण त्यांनीही कधी माझा हात किती वेळ हलला याचा हिशेब ठेवला नव्हता.

सॉफ्टवेअर आणलं शेठजींच्या मुलानं. तो पुण्याला असतो, एका मोठ्या कंपनीत. दिवाळीला आला तेव्हा बापाच्या धंद्यात लक्ष घालायचं त्यानं ठरवलं, आणि लक्ष घालायचं म्हणजे काय, तर हे. आम्हाला सगळ्यांना उभं करून त्यानं छान समजावून सांगितलं. माऊस किंवा कीबोर्ड हलत असला की तुमच्या नावापुढे हिरवा ठिपका. थोडा वेळ थांबला की पिवळा. आणखी थांबला की लाल. संध्याकाळी सगळ्यांचा रिपोर्ट पुण्याला त्याच्या मोबाइलवर जाणार. "आणि एक सांगतो, हे तुमच्यावर अविश्वास म्हणून अजिबात नाही," असं तो शेवटी म्हणाला. मी मनात म्हटलं, बरं झालं बाबा सांगितलंस, आम्हाला नाहीतर तसंच वाटलं असतं.

आमचं ऑफिस म्हणजे एक लांब खोली. तिला रस्त्याच्या बाजूनं एक खिडकी, तिथं शेतकरी येऊन उभे राहतात. आत तीन टेबलं आणि टोकाला शेठजींची काचेची केबिन. केबिनमधून मान वर केली की आम्ही तिघंही दिसतो. इतकी वर्षं शेठजी तेवढंच करत आले होते. आता तोच नजारा आधी पुण्याला जाणार आणि तिथून ठिपके होऊन परत येणार होता.

तिघांपैकी एक मी. बिलं, फोन, ट्रान्सपोर्टवाले आणि खिडकीतली भांडणं माझ्याकडे. दुसरे चाचा. ते कापसाची प्रत पाहतात. गाडीवर चढायचं, पार आत हात घालून मूठभर कापूस उपसायचा, तंतू बोटांत ओढून पाहायचा, सरकी दाताखाली धरून ओल किती आहे ते ठरवायचं. मग खाली उतरून कॉम्प्युटरवर एक आकडा टाकायचा. त्या एका आकड्यासाठी त्यांना टेबल, खुर्ची आणि माऊस दिला होता. तिसरी आमची पोरगी. दिग्रसहून पुसदच्या रस्त्याला लागलं की आत बंजाऱ्यांचा एक तांडा आहे, तिथली. बी.कॉम. झालेली, तांड्यातली ऑफिसात बसणारी पहिलीच. दिग्रसला एक खोली घेऊन धाकट्या बहिणीला बारावीसाठी सोबत ठेवलेली.

आता गंमत अशी, की जिनिंगच्या ऑफिसातलं बरंचसं काम खुर्ची सोडून असतं. पोरीचंच पाहा. तांड्यांवरून गाड्या आल्या की त्यांच्यासोबत बाया येतात आणि त्या काही खिडकीशी येत नाहीत, गाडीच्या सावलीला बसून राहतात. मग आमची पोरगी उठणार, बाहेर जाणार, एखादीला "याडी", म्हणजे आई, अशी हाक मारून शेजारी बसणार आणि त्यांच्या गोर बोलीत सगळं समजावून सांगणार, की ओल जास्त निघाली म्हणून एवढी कपात झाली, तुम्हाला बुडवलेलं नाही. ती बसली की भांडण बसतं. ती नव्हती त्या वर्षी एका गाडीवाल्यानं रागानं सगळा कापूस फाटकातच उलटवला होता, ते मी पाहिलं आहे.

पहिल्या आठवड्यात आम्ही तिघंही लालभडक. चाचा तर सर्वांत लाल. रिपोर्टमध्ये त्यांच्या नावापुढे आयडल असं आलं होतं. त्यांनी अर्थ विचारला. पोरगी आधी सांगेना. मग म्हणाली, "रिकामा बसलेला, चाचा." चाचांच्या दाढीत, भुवयांत, कानांतसुद्धा कापूस होता. ते सकाळपासून गाड्यांवरून उतरलेच नव्हते. त्यांनी कानातला कापूस काढला, त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बैठा कब मैं? कोई मेरे को बताव तो सही."

हसण्यावारी नेलं असतं आम्ही. पण त्याच आठवड्यात मुलाचा व्हिडिओ कॉल आला. टेबलांवर दोन बायका कशासाठी, असं त्यानं विचारलं. हंगाम संपला की आकडे पाहू आणि एकीचं काय करायचं ते ठरवू, म्हणाला. दोघींत जुनी कोण, नवी कोण, हे त्यानं बोलायची गरज नव्हती. पोरीनं त्या दिवशी डबा उघडलाच नाही. मला म्हणाली, "ताई, नोकरी गेली तं खोली सोडा लागन. मी जाईन तांड्यावर, माह्यं काई नाई. पण बहिणीचं बारावीचं वर्ष हाये न."

दुसऱ्या दिवशी ती बाहेर बायांशी बोलायला गेली आणि तिच्या पडद्यावरचा ठिपका पिवळा होताना मी पाहिला. माझा डावा हात तिच्या टेबलापर्यंत पोचतो. मी तो लांब केला आणि तिचा माऊस गोल गोल फिरवला. ठिपका हिरवा झाला. त्या क्षणी मला जो आनंद झाला तो खोटं बोलणाऱ्याला शोभेल असा मुळीच नव्हता. उकळत्या दुधाखालचा गॅस वेळेवर बंद केल्यासारखं वाटलं.

चार दिवसांत तो आमच्या ऑफिसचा रिवाजच झाला. उठणाऱ्यानं "लक्ष ठेवा" म्हणायचं आणि बसलेल्यानं दोन्ही हात चालवायचे. मी चाचांचा हलवायची, पोरगी माझा हलवायची आणि चाचा गाडीवरून उतरले की येता येता दोघींचे हलवून जायचे. त्यांची पद्धत निराळी होती. माऊस ते बोटांच्या टोकांनी धरत, कापूस धरावा तसा, आणि हलवता हलवता त्याच्याकडे संशयानं पाहत. एकमेकांचे पासवर्ड आम्हाला पाठ झाले. कोणाला घरी काय अडचण आहे, कोण किती वेळासाठी आणि कशासाठी उठतं, हे इतक्या वर्षांत माहीत नव्हतं ते सगळं माहीत झालं. अविश्वासाचं नसलेलं ते सॉफ्टवेअर येण्याआधी आमचा एकमेकांवर एवढा विश्वास कधीच नव्हता, हे मला कबूल केलं पाहिजे.

त्रासही होता. कापसाची रुई माऊसच्या पोटात जाऊन बसे आणि तो ऐन वेळी रुसे. वीज गेली की सगळं ऑफिस एकदम लाल होई आणि पुण्याहून मेसेज येई, "दुपारी सगळे कुठे होते?" आम्ही कुठे असणार? अंधारात बसून माऊस हलवत होतो.

यात शेठजींचं काय, हे सांगायचं राहिलं. मुलानं नियम सगळ्यांना सारखा लावला होता, आणि बापालाही त्यातून सोडलं नव्हतं. केबिनमधल्या कॉम्प्युटरवर शेठजी सकाळी कापसाचे भाव पाहत आणि मग दिवसभर फाटक, वजनाचा काटा, गोदाम असं फिरत. त्यामुळे चाचांच्या खालोखाल लाल तेच. रोज संध्याकाळी मुलाचा फोन यायचा. केबिनचं दार उघडं असलं की आम्हाला बापाची बाजू ऐकू येई. "अरे, मी बाहेर होतो. गाड्या होत्या. नाई रे, झोपलो नोहतो. हो, जेवलो. हो, गोळी घेतली. आता तुह्या त्या ठिपक्यासाठी मी काय टेबलाले बांधून घेऊ काय?" मग फोन ठेवून बाहेर येत आणि आम्हाला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणत, "रोज कटकट करते पोरगं."

एकदा दुपारी ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. कपाटाकडे पाहत, घसा साफ करत म्हणाले, "तुम्ही लोकं ते काय हलवून राह्यले ना..." मी माऊसवरचा हात काढून घेतला. ते पुढे म्हणाले, "माह्याबी हलवत जा."

त्या दिवसापासून केबिनमध्ये गोळी आणि पाणी नेऊन द्यायचं काम मी मुद्दाम दिवसातून बऱ्याच वेळा करू लागले. शेठजी हिरवे झाले. मुलाचा फोन बंद झाला. संध्याकाळची कटकट संपली म्हणून आम्ही तिघंही त्यांच्यासाठी खूश होतो. ते मात्र त्या वेळेला खिशातून मोबाइल काढत, शर्टाच्या टोकानं त्याची काच पुसत आणि परत ठेवून देत. माणसाला सवय लागते, असं मी तेव्हा समजले.

मग ऐन हंगामात पोरीच्या तांड्यावरच्या गाड्या यायच्या बंद झाल्या. दुसऱ्या जिनवाल्यानं त्यांना काहीतरी सांगून फोडलं होतं. शेठजी म्हणाले, आपण जाऊन भेटू, आणि पोरीला घेऊन गुरुवारी सकाळीच आपल्या गाडीनं निघाले. निघताना ती मला म्हणाली, "ताई, दिवसभर लक्ष ठेवा हो." तिला भीती होती, दिवसभर लाल राहिलं तर संपलंच.

आम्ही लक्ष ठेवलं. इतकं ठेवलं की विचारू नका. चाचा गाड्यांच्या मध्ये पळत येत, तिच्या माऊसला दोन फेऱ्या देत आणि पळत जात. मी फोनवर ट्रान्सपोर्टवाल्याशी भांडत असताना डावा हात तिकडे. दुपारी काट्यावरचा माणूस चहा प्यायला आला तर चाचांनी त्यालाही कामाला लावलं. शेठजींच्या केबिनमध्ये माझ्या चकरा चालूच होत्या, जरी पाणी प्यायला तिथं कोणी नव्हतं. पोरीसाठी काही करायला मिळतंय म्हणून आम्हाला हुरूप आला होता. एखादा तास तरी थांबावं, जेवणाची सुट्टी तरी दाखवावी, एवढी अक्कल आमच्यापैकी कोणालाही सुचली नाही.

संध्याकाळी दोघं परत आले. काम झालं होतं. गाड्या सोमवारपासून येणार होत्या. शेठजी फार खुशीत होते. तांड्यावर बाजेवर बसवून काळा चहा दिला, बाया आधी बोलतच नव्हत्या, मग ही पोरगी त्यांच्यात जाऊन बसली आणि दुपारपर्यंत सगळ्या हसायला लागल्या, हे त्यांनी आम्हाला दोनदा सांगितलं. त्याच संध्याकाळी पुण्याला रिपोर्ट गेला. त्यात आमच्या पोरीनं सॉफ्टवेअर आल्यापासूनचा सर्वांत चांगला दिवस भरला होता.

पुढच्या आठवड्यात मुलाचा फोन आला. त्यानं सगळ्यांना केबिनमध्ये बोलवायला सांगितलं आणि शेठजींनी मोबाइल टेबलावर ठेवून स्पीकर लावला. आवाज आनंदी होता. त्यानं आधी कौतुक केलं. सुरुवातीला तुम्ही सगळे कुठे होता आणि आता कुठे आहात, म्हणाला. पोरीचं नाव घेऊन म्हणाला, "तू तर मागच्या गुरुवारी खुर्चीवरून उठलीसुद्धा नाहीस. ग्रेट." मग मुद्द्यावर आला. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते, की तिथलं सगळं काम स्क्रीनवरच होतं. बाहेरचं असं काही नाहीच. मग त्यासाठी दिग्रसला माणूस कशाला? पुण्यात त्याच्या ओळखीचे लोक हेच काम करतात, पोरीचं टेबल तिकडे हलवता येईल. पहिल्या तारखेपासून.

म्हणजे लाल राहिलो असतो तर काम करत नाही म्हणून ती गेली असती. हिरवे झालो तर काम इतकं चांगलं करते म्हणून चालली होती. आणि हे दुसरं आम्ही आमच्या हातांनी, मेहनत घेऊन केलं होतं. चाचांनी आपल्या बोटांकडे पाहिलं. पोरगी ओढणीचं टोक मुठीत धरून उभी होती.

मी शेठजींकडे पाहिलं. त्या गुरुवारी ती कुठे होती हे सगळ्यांत चांगलं त्यांना माहीत होतं. पण ते बोलायचं तर तिचा माऊस कोण हलवत होतं तेही बोलावं लागणार, आणि मग गोष्ट केबिनमधल्या माऊसपर्यंत येणार. मुलासमोर. शेठजी टेबलाच्या काचेखाली ठेवलेल्या जुन्या कॅलेंडरकडे पाहत होते. मला त्यांचा इतका राग आला, की चेकबुकाची किल्ली काढून त्यांच्यासमोर टाकावी आणि घरी निघून जावं असं वाटलं.

"बाबा, तुम्हाला काय वाटतं?" फोनमधून आवाज आला.

"ते पोरगी गुरुवारी ऑफिसात नोहती," शेठजी म्हणाले.

"नव्हती म्हणजे? रिपोर्ट आहे माझ्याकडे."

"रिपोर्ट असन. ते माह्यासोबत तांड्यावर होती. दिवसभर. सोमवारी ज्या गाड्या आल्या ना, त्या तिनं आणल्या."

"मग कॉम्प्युटर कोण चालवत होतं?"

शेठजींनी आमच्याकडे पाहिलं. "चाचानं हलवला. ताईनं हलवला. काट्यावाल्यानंबी हलवला म्हणते. सगळ्यायचंच तसं हाये."

मग मुलगा हळू म्हणाला, "म्हणजे तुम्ही सगळे मला फसवत होता."

"फसोत नोहतो. तुले हिरवा पायजे होता, हिरवा देत होतो. काम काय हाये ते तू इचारलंच नाई." शेठजींनी चष्मा काढला. "अन् माह्या ठिपक्याचंबी तसंच हाये. तोबी ताईच हलवते."

"तुमचासुद्धा?"

"माह्याबी."

यानंतर मुलगा एकदम कामाचं बोलू लागला. माणसाला काय बोलावं ते सुचेनासं झालं की तो तसं बोलतो. ठीक आहे, तिला ठेवा, म्हणाला. टेबल आहे तिथंच राहू द्या. पण सॉफ्टवेअर काढणार नाही, आणि इथून पुढे कोणीही दुसऱ्याच्या माऊसला हात लावायचा नाही. लाल तर लाल, मी समजून घेईन. त्याला मीटिंग होती, त्यानं फोन ठेवला.

पोरगी नळावर जाऊन तोंड धुऊन आली आणि आपल्या खुर्चीवर बसली. बाहेर गाडी लागलेली होती, चाचा तिकडे धावले. मी केबिनमधून निघाले, तेव्हा शेठजींनी मागून हाक मारली. सॉफ्टवेअर अजून आहेच आणि मुलाचा नियम आम्ही काही फार पाळणार नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मला वाटलं, ते आता आपली नेहमीची गोष्ट सांगतील, की चालू ठेवा, पण जरा बेतानं.

"ताई, तुमचं तुम्ही पाहा," ते म्हणाले. "पण आजपासून माह्या माऊसले हात लावू नोका. माह्या राहू द्या लाल."

"काहून शेठजी?" मी विचारलं. "रोज कटकट करन ना तो पुन्हा."

त्यांनी चष्मा परत चढवला आणि टेबलावरचा मोबाइल उचलून खिशात ठेवला.

"लाल असला का फोन येते त्याचा," ते म्हणाले.